चाळीसगाव ते बोदवड, चष्मे गोळा करत

परत आल्यापासून दीपनगर कॉलनीत जो तो मला एकच विचारतो, "पाय दुखतात का?" दुखतात. पाच दिवस चालूनही दुखले नसते तर ते पाय माझे नसून टेबलाचे आहेत, असं समजले असते. पण वाटेत काय खाल्लं, कोण भेटलं, आणि ज्या भावाशी दोन वर्षं धड बोलत नव्हते त्याच्याबरोबर पाच दिवस कसे काढले, हे कुणी विचारत नाही. म्हणून आपणच लिहिलेलं बरं. ज्यांना चालायचं नाही त्यांनी बसून वाचावं. ते कितीतरी सोपं आहे.

मूळ कल्पना माझी नव्हे. मी औष्णिक केंद्राच्या ऑफिसात टायपिस्ट. साहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, महिला मंडळ चालवतात आणि मंडळाची पत्रं, अर्थातच, मी टाइप करते. जानेवारीत बोदवडला मोतीबिंदूचं शिबिर होणार होतं आणि त्यासाठी मंडळ जुने चष्मे गोळा करत होतं. "आपल्याला नको असलेला चष्मा दुसऱ्याचे डोळे उघडू शकतो," हे वाक्य मी अकरा वेळा टाइप केलं. बाराव्या वेळी सहज बोलून गेले, "आमचे आबा मोतीबिंदूपायीच गेले."

बाई उभ्याच राहिल्या. त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं की तिकडे आई किंवा वडील गेले की मुलं त्यांच्या नावानं मैलोन्मैल चालतात, आणि चालता चालता गरजूंसाठी काहीतरी गोळा करतात.

"शकुंतला, तू चाल!"

"बाई, चष्मे पोस्टानंही मागवता येतील."

"चाललं की लोकांच्या मनाला भिडतं गं."

आमच्याकडे बाप गेला की पुण्यानुमोदन करतात, चार लोकांना जेवू घालतात आणि विहाराला पंखा देतात. पंख्याच्या पात्यांवर बापाचं नाव रंगवतात. पंखा सुरू झाला की नाव वाचता येत नाही आणि बंद असला की खाली बसवत नाही. त्यापेक्षा चालणं बरं, असं मला त्या क्षणी वाटलं. साहेब बाईंच्या शब्दाबाहेर नव्हते, त्यामुळे रजाही लगेच मिळाली. एवढ्या लवकर मला रजा कधीच मिळाली नव्हती, तेव्हाच संशय यायला हवा होता.

यातली गंमत अशी की आमच्या आबांना चालण्याचा मनस्वी कंटाळा. चाळीसगावला स्टेशनजवळ त्यांचं शिवणाचं दुकान होतं. घरापासून दुकान एवढंसं, तरी जाताना ते कुणाच्या तरी सायकलीवर मागे बसून जायचे. शेवटची चार-पाच वर्षं त्यांना मोतीबिंदूनं दिसेनासं झालं, पण ते कबूल करायचे नाहीत. बोटांनी चाचपून शिवायचे. एका नवरदेवाच्या कोटाला त्यांनी डावी बाही उजवीकडे लावली आणि वर त्यालाच सांगितलं, "सध्या असंच चालतंय." नवरदेव त्याच कोटात बोहल्यावर उभा राहिला.

मग एका सकाळी ते दुकानाच्या पायरीवरून पडले. पायरी दिसलीच नाही. खुबा मोडला, तीन महिने अंथरुणात काढले आणि गेले. स्मशानातून आल्यावर मी भावाला सगळ्या नातेवाइकांदेखत म्हटलं, "बापाचे डोळे करायला तुला चार दिवसांची रजा मिळाली नाही." तो म्हणाला, "तुला तरी कुठे घाई होती?" त्यावर दोन वर्षं आम्ही कामापुरतं बोललो.

भावाला मी भाऊच म्हणते. तो एसटीत कंडक्टर. माझ्या चालण्याची बातमी चाळीसगावात पोचल्यावर वहिनीनं त्याला सांगितलं, "बहीण एकटी रस्त्यानं फिरेल आणि तुम्ही घरी बसाल, तर मी माहेरी जाईन." तो आला.

चाळीसगाव ते कजगाव

निघताना पहिला घोळ फडक्याचा झाला. पेंटरनं कापडी फलकावर सवयीनं "कै." लिहिलं होतं. भाऊ म्हणाला, आमच्यात कैलासाला कुणी जात नाही, "कालकथित" लिही. पेंटरनं खोडून तसं लिहिलं, पण "कालकथित"ला जागा फार लागली आणि शेवटचा शब्द कापडात मावेना. फलक असा झाला: "कालकथित आबा यांच्या स्मरणार्थ जुने चष्मे". "द्या" राहून गेलं.

त्याचा परिणाम वाघळीला कळला. मी साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. ते बघायलाच निम्मं गाव जमलं आणि उरलेलं निम्मं चष्मे घ्यायला. रांग लागली. मी घसा फोडून सांगत होते, आम्ही देत नाही, आम्ही घेतो. पुढची म्हातारी म्हणाली, "मंग बापना नाववर दान कसानं व माय?" तिचं बरोबर होतं. बापाच्या नावावर देतात, आमच्यासारखं मागत फिरत नाहीत.

तिनं माझ्या नाकावरचा चष्मा उतरवला, स्वतःला लावला आणि आधी माझ्या बुटांकडे, मग शेजारणीकडे पाहिलं. "हाई माले बराबर शे," एवढं म्हणून ती चालायला लागली. मी भाऊकडे बघितलं. दोन वर्षांत तो पहिल्यांदा हसणार असं वाटलं, पण त्यानं स्वतःला आवरलं.

चष्मे गोळा करायला निघालेली बाई पहिल्याच दुपारी स्वतःचा चष्मा घालवून बसली. पुढचे मैलाचे दगड भाऊनं वाचून दाखवले. तेही कसे? "पुढील गाव कजगाव. कृपया लक्ष असू द्यावे." घरी आम्ही सगळे अहिराणी बोलतो. पण भांडण झालं की आम्ही दोघं पुस्तकी मराठीवर येतो. त्या दिवशी तो माझ्याशी इतकं शुद्ध बोलत होता की मला तिकीट काढावंसं वाटलं.

कजगाव ते पाचोरा

दुसऱ्या दिवशी फलकावर कोळशानं "द्या" लिहिलं आणि कामाला लागलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जवळजवळ प्रत्येक घरात मेलेल्या माणसाचा चष्मा असतो. धोतरं वाटून टाकतात, काठी शेजाऱ्याला देतात, तंबाखूची डबी कुणीतरी उचलतं. चष्मा मात्र तसाच राहतो. देवळीत, पेटीत, फोटोमागे. कुणाच्या उपयोगाचा नाही आणि टाकवत नाही. आम्ही मागितला की घरातली बाई तो पदरानं पुसायची. "सासरेबुवांचा," म्हणायची. "मला कधी नजर वर करू दिली नाही, पण पेपर वाचून दाखवायचे." मग चष्मा देऊन टाकायची, आणि चहा प्यायल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. बारा घरांचे चहा झाल्यावर मला चष्म्यांपेक्षा दुसऱ्याच सोयीची चिंता लागली.

एका मोठ्या घरी ओसरीवरच्या आजोबांनी आडनाव विचारलं. आम्ही सांगितलं. जरा वेळानं आतून पाणी आलं. माझ्या हातात स्टीलचा पेला आला, पण आजोबांची नजर पेल्यावरच खिळली होती. मला आबांचं बोलणं आठवलं. ते म्हणायचे, "माझा टेप गावातल्या प्रत्येकाच्या कमरेभोवती फिरलाय. टेपाला विटाळ नाही, पेल्याला आहे." मी पाणी सगळं प्यायले आणि आणखी मागितलं. आजोबांनी दोन चष्मे दिले. एकाला काडी नव्हती.

भाऊची अडचण वेगळी होती. त्या रस्त्यावरची प्रत्येक एसटी त्याला ओळखत होती. मागून गाडी यायची, शेजारी थांबायची आणि ड्रायव्हर मान बाहेर काढून विचारायचा, "काय रे रमेश, गाडी चुकली का?" आत बसलेले लोक खिडकीतून डोकावायचे. "आम्ही चालत आहोत," भाऊ सांगायचा. "ते दिसतंय. पण का?" ड्रायव्हर विचारायचा.

नगरदेवळ्याच्या पुढे माझ्या टाचेला फोड आला. बूट काढून बसले. भाऊ म्हणाला, मी पुढे जाऊन पाणी बघतो. तो गेला तो गेलाच. दादर ज्वारीची शेतं वाऱ्यानं सळसळत होती, वेचलेल्या कापसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि मी लंगडत, चष्म्याशिवाय, चष्म्यांची पिशवी घेऊन, रस्त्यावरच्या प्रत्येक खाकी पँटीकडे "भाऊ!" म्हणून हाक मारत होते. त्यातला एक पोस्टमन निघाला.

पाचोऱ्याला स्टँडसमोरच्या खाणावळीत भाऊ शेवभाजी खाताना सापडला. वर लाल तर्री, बाजूला कांदा, पुढ्यात तिसरी भाकरी. गाडी थांबली, ड्रायव्हर ओळखीचा होता, आणि हा चढला.

"माझ्यासाठी का थांबला नाहीस?"

"आपली व्यवस्था मी इथे करून ठेवली होती."

"आबांच्या वेळीही असंच केलंस," मी म्हटलं. "जाऊन बघतो म्हणालास आणि बसमध्ये बसलास."

भाऊनं घास खाली ठेवला. "आबांच्या वेळी मी काय केलं ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला, "आणि तू काय केलंस तेही." मग हात धुऊन बाहेर गेला. मी रडत रडत त्याचीच शेवभाजी संपवली. फार झणझणीत होती, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

रात्री विहारात मुक्काम होता. सकाळी भाऊ तयार होऊन पायरीवर बसलेला. परत घरी जाईल अशी मला खात्री वाटत होती. "वहिनीला घाबरतोस," मी म्हटलं. "हो," तो म्हणाला.

पाचोरा ते शेंदुर्णी

पाचोऱ्याहून जामनेरकडे छोटी रेल्वे जाते. लहान डबे, लहान इंजिन, आणि वेग असा की उतारू खाली उतरून बोरं तोडून पुन्हा चढू शकेल. त्या दिवशी ती बराच वेळ आमच्या बाजूनं चालली होती. दारात बसलेल्या बायकांनी मला कुठे चालले ते विचारलं, मी सांगितलं, त्यांनी माझ्या बापाचं वय विचारलं, मी तेही सांगितलं, आणि मग ती हळूच पुढे गेली. इतक्या निवांत मुलाखती मी दुसऱ्या कुठल्या गाडीशी केलेल्या नाहीत.

वरखेडीच्या पुढे एका गावात पिंपळाच्या पारावर एक म्हातारा बसला होता. मोतीबिंदू काढल्यावर देतात तसला जाड भिंगाचा चष्मा, त्यातून डोळे बशीएवढे दिसणारे. गावात त्याला नाना म्हणत. त्यानं फलक मोठ्यानं वाचला.

"कोन आबा?"

"आमचे वडील. चाळीसगावला टेलर होते," भाऊनं सांगितलं.

"स्टेशनजोडेना आबा टेलर? आंगठा वाकडा व्हता तो?"

आबांचा आंगठा मशीनच्या सुईखाली येऊन वाकडा झाला होता. आम्ही दोघांनी मान हलवली.

नाना पारावरून उठलाच. "मन्ह्या चपला घालीसन पयी गया तो!"

आम्हाला कळेना. मग नानानं बसवून घेतलं आणि सांगितलं. तीन वर्षांपूर्वी धुळ्याला एका धर्मशाळेत मोतीबिंदूचं शिबिर होतं. नानाची आणि आबांची खाट शेजारीशेजारी. दोन दिवस दोघं एकमेकांच्या तंबाखूवर होते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दोघांच्या पापण्यांचे केस कापले, डोळ्यांत थेंब घातले आणि हिरवे सदरे दिले.

"पहिला नंबर मन्हा," नाना सांगत होता. "त्याना मन्हा मांगे. माले पट्टी बांधीसन आनं, खाटवर निजाडं. मी हात लांबाडीसन दखस ते शेजारनी खाट रिकामी. डाक्टर सोधस, नर्स सोधस, बठ्ठा सोधतस. मांगली भिंतवरतीन उडी मारीसन गया तो. हिरवा सदरा आंगवर आनि पायमा मन्ह्या नव्या चपला!"

"पण का?" मी विचारलं.

नानानं आवाज खाली आणला. "आदली सांजले माले म्हने, नाना, आते एक डोयावर मी अजून काज करी लेस. हाई बिघडनं ते मी काय करसू? मी म्हनं, काही बिघडत नही. तो हासना. माले वाटनं, पटनं त्याले."

मला एकदम आठवलं. त्या महिन्यात मी चाळीसगावला गेले होते तेव्हा आबांचे डोळे कसेतरीच दिसत होते, सोललेल्या लसणासारखे. पापण्यांना केस नव्हते. विचारलं तर म्हणाले, कोळशाच्या इस्त्रीत फुंकर मारताना जाळ उडाला. मी त्यांना वरून रागावलेसुद्धा, इस्त्रीवर एवढं वाकायचं कशाला म्हणून.

भाऊनं पायातल्या चपला काढल्या, वहिनीनं खास या प्रवासासाठी घेऊन दिलेल्या, आणि नानाच्या पुढ्यात ठेवल्या. नाना नको नको म्हणाला, मग पाय घालून बघितले, मग म्हणाला, "जरा मोठ्या शेतस." पण काढल्या नाहीत.

गावाबाहेर आल्यावर एक मोरी लागली. भाऊ तिच्या कठड्यावर बसला. मीही बसले. त्याचे अनवाणी पाय धुळीनं भरले होते.

"धुळ्याला मामाकडे चाललो म्हणाले होते," तो म्हणाला. अजून शुद्ध मराठीच चालू होती. "चार दिवसांनी आले. मी मुक्कामी गाडीवर होतो. डोळ्यांचं विचारलं, तर म्हणाले, शकू म्हणते हिवाळा जाऊ दे, मग दीपनगरला करू, तिथला दवाखाना मोठा आहे."

"मी?" मी किंचाळले. "मी कधय म्हनी? माले ते आबासनी सांगं, रमेशले रजा नही!"

"मी कधय म्हनं रजा नही? मन्ही महिनानी रजा पडेल व्हती!"

आमच्या म्हाताऱ्यानं हिला त्याचं नाव सांगितलं, त्याला हिचं. दोन बाह्या उलटसुलट लावून दिल्या आणि स्वतः कोट शिवून मोकळा झाला. आणि आम्ही दोघं शहाणी पोरं, एकमेकांना एक पोस्टकार्ड टाकून विचारलं नाही.

मला आधी हसू आलं. हिरव्या सदऱ्यात, केस कापलेल्या पापण्यांनी, दुसऱ्याच्या चपला घालून भिंतीवरून उडी मारणारा सत्तरीचा बाप! ज्याला घरापासून दुकानापर्यंत चालवत नव्हतं, तो धुळ्याच्या स्टेशनपर्यंत पळाला. मी म्हटलं, "भाऊ, आपला बाप खोटारडा व्हता." भाऊ म्हणाला, "अट्टल." मी म्हटलं, "चोर बी व्हता." तो म्हणाला, "नव्या चपलासना." मग आम्ही दोघांनी त्या मोरीवर बसून कालकथितांना यथेच्छ शिव्या घातल्या. एक बैलगाडीवाला जाता जाता थांबला आणि कोणाला घालताय म्हणून विचारू लागला. "बापले," भाऊ म्हणाला. त्यानं बैल हाकले.

हसता हसता भाऊचा आवाज फिरला. धुळीत बोटानं रेघ मारत तो म्हणाला, "पयनंच व्हतं ते मन्हाकडे पयी येता ना. मी काय धरीसन परत लई जातू का त्यासले?"

खरं तर आम्ही दोघांनीही त्यांना धरून परत नेलं असतं. आणि ते म्हाताऱ्याला पक्कं माहीत होतं.

शेंदुर्णी ते जामनेर

शेंदुर्णीला भाऊनं प्लॅस्टिकचे बूट घेतले. दर पावलाला ते कुंई करायचे. माझ्या टाचेला चिंधी, त्याच्या बुटात बेडूक, असे आम्ही पहूरवरून जामनेरकडे निघालो. आता आम्ही अहिराणीत बोलत होतो आणि दोन वर्षांचं साचलेलं असल्यामुळे गप्प बसतच नव्हतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं हे मला चौथ्या दिवशी कळलं. मुलगा कोण, काय करतो, नाक कसं, सगळं विचारून झालं. नाकाबद्दल भाऊनं बरंच टाळलं.

जामनेरच्या अलीकडे बोली बदलते. आमचं "शे" मागे पडतं आणि "हाये" सुरू होतं. एका मळ्यात वांगी भाजणं चाललं होतं. मोठी हिरवी भरताची वांगी, काड्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत. मळ्यातल्या अक्कांनी विचारलं, "काबरं चालले उन्हाचे?" भाऊनं फलक दाखवला. त्या म्हणाल्या, चष्मा नाही घरात, भरीत हाये. लाकडी बडजीत मिरच्यांबरोबर ठेचलेलं भरीत, कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी. दीपनगरच्या कॉलनीत आता रंगीत टीव्ही आलेत, भरीत मात्र गॅसवर भाजतात. त्याला भरीत म्हणतात ही केवळ सवय.

अक्कांनी विचारलं, वडील कशानं गेले? आधी मी हे सगळीकडे गंभीर चेहऱ्यानं सांगत आले होते: गरिबी, अज्ञान, मोतीबिंदू, वेळेवर उपचार नाहीत. बाईंनी पाठच करून घेतलं होतं. या वेळी भाऊनं सांगितलं, "घाबरून." अक्का म्हणाल्या, "माह्या सासूचंबी तेच झालं." आणि आणखी भरीत वाढलं.

बोदवड

शिबिर एका शाळेत होतं. वर्गातले बाक बाहेर काढून आत गाद्या घातल्या होत्या. पन्नास-साठ म्हातारेम्हाताऱ्या पटांगणात उन्हाला बसलेले. बाई जीपनं येऊन आमची वाट बघत होत्या. हारही आणले होते. माझ्याकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. माझा अवतारच तसा होता.

डॉक्टरांनी पिशवी उपडी केली आणि आमच्या देखत चष्मे निवडायला घेतले. निम्म्याहून अधिक बाजूला पडले. कुणाच्या काचा घासून पांढऱ्या झालेल्या, कुणाला नुसती चौकट, एक तर उन्हाचा काळा गॉगल. "बाकीचे कामाचे आहेत," डॉक्टर म्हणाले. पोस्टानं आले असते तरी इतकेच निघाले असते, हे मी मनात म्हटलं.

मग माइक आला. बाईंनी छान भाषण केलं. त्यात आबा अगदी थोर झाले होते. गरीब, कष्टाळू, उपचारांपासून वंचित. नंतर त्यांनी भाऊला दोन शब्द बोलायला सांगितलं. भाऊ माइकसमोर उभा राहिला. गर्दीसमोर बोलायची त्याला सवय आहे, पण "पुढे सरका"च्या पलीकडची नाही.

"आमचे वडील उपचारांपासून वंचित नव्हते," तो म्हणाला. "त्यांचा शिबिरात नंबर लागला होता. ते भिंतीवरून उडी मारून पळाले."

बाईंचा चेहरा पडला. पटांगणात कुजबुज झाली, मग एका म्हातारीनं फिस्सकन हसून पदर तोंडाला लावला.

"घरी येऊन खोटं बोलले. ते गेले त्यानंतर आम्ही भावाबहिणीनं दोन वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही. आता तुमच्यात कुणाला पळायचं असेल तर भिंतीवरून जाऊ नका, हाडं मोडतील. मला सांगा. मी कंडक्टर आहे, गाडीत बसवून देतो. पण घरी जाऊन खरं सांगायचं."

मागच्या बाजूला एक उंच, वाळका म्हातारा भिंतीला धरून उभा राहिला. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी साय होती. दगडूबाबा त्याचं नाव. घरचं कुणी बरोबर नव्हतं.

"मले जायाचं हाये," तो म्हणाला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढची दोन वर्षं मला रजा मिळणार नाही हे मी ओळखलं. भाऊ मात्र माइक ठेवून खाली उतरला, दगडूबाबाचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि दोघं फाटकाबाहेर पडले. प्लॅस्टिकचे बूट कुंई कुंई करत लांब गेले.

तासभर झाला. मी स्टँडवर गेले. दोघं बाकावर बसलेले. पुढ्यात रिकामे कप. दगडूबाबाच्या गावाची गाडी लागली होती. दारातून कंडक्टरनं भाऊला विचारलं, "बसवायचे का बाबा?" भाऊनं दगडूबाबाकडे पाहिलं. दगडूबाबा बाकावरून हलला नाही. गाडी गेली. मी तशीच परत फिरले. आणखी एक गाडी गेली असेल, तेव्हा दोघं शाळेच्या फाटकातून आत आले. काय बोलणं झालं, मी त्या दिवशी विचारलं आणि नंतरही विचारलं. भाऊ म्हणतो, काही नाही, त्याला भाव विचारत होतो कापसाचा.

दुसऱ्या दिवशी दगडूबाबाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला कामावर हजर व्हायचं होतं, मी रेल्वेनं भुसावळ गाठलं. भाऊची रजाही संपली होती. त्यानं ती वाढवून मागितली आणि मिळवली. दगडूबाबाच्या गादीशेजारी सतरंजी टाकून तो राहिला, त्याला कूस बदलू नको म्हणून दटावत आणि दोन्ही वेळा भरवत.

आठवड्यानं ऑफिसात माझ्या नावाचं पोस्टकार्ड आलं. भाऊचं अक्षर. दोन वर्षांतलं पहिलं. लग्नाला आधी चार दिवस ये, वहिनी वाट बघते, आणि मुलाचं नाक खरोखरच मोठं आहे, तेव्हा समोर हसू नकोस, असं लिहिलं होतं. खाली, जागा उरली नव्हती म्हणून समासात आडव्या ओळीत, आणखी दोन वाक्यं होती:

"आज बाबाची पट्टी सोडली, चष्मा लावला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, कंडक्टर, तू तं चांगला म्हतारा हायेस रे, आवाजावरून मले पोरगं वाटलं होतं!"